हजार मीटरला सहा कमी

एप्रिलमध्ये स्की करणं हा खरं तर सरकारी नोकराचा खेळ आहे. सकाळी बर्फ इतका टणक असतो की त्यावर जाण्यात काही अर्थ नसतो. दहाच्या सुमारास ऊन लागून वरचा बोटभर थर सुटतो आणि मग तासदीड तास असा जातो की साठी उलटलेल्या माणसालाही आपण विशीत असल्यासारखं वाटतं. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या उतरणीची लापशी झालेली असते. म्हणजे काम तासदीड तास आणि उरलेला दिवस वरच्या खानावळीपुढे लाकडी आरामखुर्चीत, नाकाला पांढरं मलम फासून, हातात बिअरचा ग्लास घेऊन. मी जिल्ह्याच्या बांधकाम परवाना कचेरीतून निवृत्त झालो आहे. ही विभागणी मला नवीन नाही.

गावातल्या लोकांना वाटतं, हा कासियान थालर बर्फाच्या वेडापायी रोज वर जातो. वाटू दे. माझा डावा गुडघा कधीच कामातून गेला आहे, आणि डॉक्टरांनी तर मला जिनेसुद्धा जपून उतरायला सांगितलंय. मी दर हिवाळ्यात पाळण्याचा, म्हणजे तारेवरच्या खुर्च्यांनी डोंगरावर जायचा पास काढतो आणि रोज वर जातो, ते फक्त सेराफिन कोफलरने मला 'तू' म्हणावं म्हणून.

आता हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही माझ्याविषयी भलताच ग्रह करून घ्याल. ऑस्ट्रियातल्या आमच्या तिरोलमध्ये अशी रीत आहे की हजार मीटरच्या वर सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं. असा कायदा नाही; मी कचेरीत असताना शोधून पाहिला होता. पण रीत कायद्याहून कडक आहे. खाली गावात बँकेचे मॅनेजर, चर्चचे पाद्री, दाताचे डॉक्टर हे सगळे 'अहो'. जंगलाच्या कडेला हजार मीटरची लाकडी पाटी आहे, ती ओलांडली की सगळे 'अरे'. व्हिएन्नाहून एक मोठे न्यायमूर्ती दरवर्षी येतात. पाळण्याच्या वरच्या टोकाला सेराफिन त्यांचा दंड धरून म्हणतो, "हां, उठ आता, ढुंगण उचल, मागची खुर्ची लागेल तुला!" न्यायमूर्ती धन्य होतात. संध्याकाळी पाटीच्या खाली आले की ते पुन्हा न्यायमूर्ती.

सेराफिन हा माझा शेजारी. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. उन्हाळ्यात त्याच्या गाई असतात आणि हिवाळ्यात तो वर पाळण्यातून उतरणाऱ्यांना हात देतो. पाच वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही खाली, वर, चर्चमध्ये, गोठ्यात, सगळीकडे एकमेकांना अरे-तुरे करत होतो. मग मी आमट्सराट झालो.

आमच्या देशात सरकारी नोकराला पगारवाढ देववत नाही तेव्हा किताब देतात. आमट्सराट हा असाच एक किताब. तो मिळाला की बायकोखेरीज सगळ्यांनी आपल्याला 'आमट्सराटसाहेब' म्हणावं अशी अपेक्षा असते. माझी तशी काही फार अपेक्षा नव्हती; फक्त कोणी नुसतं 'थालर' म्हटलं तर मी ऐकू न आल्यासारखं करत असे. किताब मिळाल्यावरच्या रविवारी ओटमारच्या खानावळीत पत्त्यांचा डाव होता. समोर शेजारच्या गावची जोडी, इकडे मी आणि सेराफिन. आमच्या खेळात जोडीदाराला डोळ्यांनी, ओठांनी, खांद्यांनी खुणा करायची मुभा असते. मुभा कसली, तोच खेळ. सेराफिनने डोळा मारला. मी उलट मारायला हवा होता. पण मी पत्ते खाली ठेवले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की या पदावरच्या माणसाला डोळे मारणं शोभत नाही. माझं आजही तेच मत आहे.

आम्ही हरलो, तेही शेजारच्या गावाकडून. सेराफिन उठला, त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "ठीक आहे, आमट्सराटसाहेब. मग आजपासून आपण एकमेकांशी शोभेल असंच बोलू. अहो-जाहो."

आमच्याकडे एकदा दिलेलं 'तू' काढून घेणं हे घटस्फोटाहून वाईट समजतात. घटस्फोट झालेली माणसं निदान भांडताना तरी एकमेकांना तू म्हणतात. त्या दिवसापासून सकाळी कुंपणापलीकडून आवाज यायला लागला, "सुप्रभात, आमट्सराटसाहेब. आपण बरे आहात ना?" ज्या माणसाने लहानपणी मला शेणाच्या खड्ड्यात ढकललं, तो मला 'आपण' म्हणत होता. आणि तासाभराने वर पाळण्याच्या टोकाला तोच माणूस माझ्या दंडाला धरून म्हणे, "ये कासी. गुडघा काय म्हणतोय तुझा?" एवढ्यासाठी मी पासाचे पैसे भरत होतो.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पाळणा बंद होतो. मग पुढचा डिसेंबर येईपर्यंत नुसतं 'आपण'.

"कासी, तूच का जाऊन बोलत नाहीस त्याच्याशी?" बुर्गी, म्हणजे माझी बायको, दर वर्षी विचारी.

"मी का? काढून घेतलं त्याने."

"मग तो का येत नाही?"

"ते तू त्याला विचार."

"पुरुष ना तुम्ही," ती म्हणे. यात नक्की काय दोष आहे हे तिने कधी स्पष्ट केलं नाही.

तर गेल्या जानेवारीत पाण्याच्या नव्या नळासाठी मोजणीवाले आले होते. त्यांनी आमच्या अंगणात तिपाई लावली, काचेतून बघितलं आणि सहज सांगितलं की घर नऊशे चौऱ्याण्णव मीटरवर आहे. हजाराला फक्त सहा कमी! त्या रात्री मला झोप आली नाही. सहा मीटर म्हणजे काय, दोन मजले. अंगणात सहा मीटरचा बर्फाचा ढीग केला की त्याचं टोक बरोबर हजारावर. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, पाळणा बंद झाल्यावर, सेराफिनला ढिगावर बोलवायचं, जेन्शन या डोंगरी फुलझाडाच्या मुळांच्या दारूचा एकेक छोटा ग्लास भरायचा. तिथे त्याला मला तू म्हणावंच लागेल. आणि एकदा माझ्या घरच्या अंगणात तू म्हटल्यावर तो कोणत्या तोंडाने पुन्हा आपण म्हणेल? योजनेत एकही फट नव्हती. मी ती बुर्गीला सांगितली.

बुर्गीने बटाटे सोलायची सुरी खाली ठेवली. "कासी, कुंपण या खिडकीतून दिसतंय."

"प्रश्न अंतराचा नाही, उंचीचा आहे."

तिने सुरी उचलली आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायका हरकत घेण्याऐवजी बटाटे सोलतात.

बर्फ मिळवणं अगदीच सोपं निघालं. रस्ते साफ करणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला बर्फ कुठे टाकावा हा रोजचा प्रश्न असतो. मी त्याला म्हटलं, माझ्या अंगणात टाक. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची मुलगी हुंड्याशिवाय मागितली. मग तो टाकतच राहिला. आमच्या गल्लीचा बर्फ आला, मग चर्चच्या चौकाचा, मग बसस्टँडचा. त्याबरोबर खडी आली, एका पायाचे बूट आले, लहान मुलांचे हातमोजे आले, आणि एक दिवस 'येथे गाड्या उभ्या करू नयेत' ही अख्खी पाटी खांबासकट आली. ती मी प्रामाणिकपणे परत नेऊन दिली. फेब्रुवारीच्या अखेरीस ढीग सात मीटरच्या वर गेला आणि आमच्या स्वयंपाकघरात दुपारी दिवा लावावा लागू लागला.

गावाने अर्थातच सल्ले द्यायला सुरुवात केली. बर्फ टिकवायचा तर त्यावर लाकडाचा भुसा घाल, असं ओटमार म्हणाला. हा ओटमार खानावळीचा मालक आणि शिवाय आमच्या गावच्या स्की मंडळाचा अध्यक्ष. आमच्याकडे तीन माणसं एकत्र आली की मंडळ काढतात. एक अध्यक्ष, एक चिटणीस आणि तिसरा खजिनदार. ओटमारच्या अंगात असं अध्यक्षपण मुरलेलं आहे की तो बायकोलाही 'सभासदांच्या वतीने' गुड मॉर्निंग म्हणत असेल. "भुसा घाल कासियान, पण बारीक नको, जाडा घाल," तो म्हणाला. चर्चचे घंटावाले म्हणाले, बारीकच घाला, जाड्यातून हवा जाते. त्यांच्या बहिणीचं मत गवताच्या बाजूने होतं. मी सगळ्यांचा मान ठेवला आणि दोन्ही भुसे आणि वर गवत घातलं. मग दोन दिवस वारा सुटला. भुसा आमच्या पडद्यांत, पलंगात आणि बुर्गीच्या सूपमध्ये शिरला. सूपमधल्या पावाच्या गोळ्यांना त्यामुळे जरा घट्टपणा आला, असं मी म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

आणि मग ग्रामकचेरीतून बोलावणं आलं.

ग्रामकचेरीत बांधकामाचं टेबल आता श्रीमती रीडल बघतात. त्या पूर्वी माझ्या हाताखाली शिकाऊ होत्या. मी गेलो तेव्हा त्या उभ्या राहिल्या, ही गोष्ट मला नमूद करावीशी वाटते.

"आमट्सराटसाहेब, पाच मीटरच्या वरचा ढीग म्हणजे बांधकाम."

"अहो, बर्फ आहे तो. मे महिन्यात जाईल."

"साहेब, 'ढीग कोणत्या पदार्थाचा आहे याने फरक पडत नाही.' हे वाक्य तुमचंच आहे. तुम्ही आम्हाला ते पाठ करायला लावलं होतं."

ते वाक्य माझं होतं हे खरं. चांगलं वाक्य होतं, त्यात कुठे फट नव्हती. असलं वाक्य आपल्यावरच येऊन आदळलं की दुखतंही आणि जरा अभिमानही वाटतो. मी विचारलं, मग आता काय? त्या म्हणाल्या, आता नेहमीसारखं. जागेवरची सुनावणी, लगतच्या शेजाऱ्यांच्या हजेरीत.

लगतचा शेजारी एकच. माझी पाचावर धारण बसली.

सुनावणीच्या दिवशी सेराफिन रविवारचा कोट घालून आला. सरकारी काम म्हटल्यावर तो तसाच येतो. ओटमारही आला, कारण जिथे चारचौघं उभे राहतात तिथे अध्यक्ष लागतोच असं त्याला वाटतं. बुर्गीने पाव आणि धुरावलेलं मांस कापून ठेवलं. आम्ही सगळे ढिगाच्या सावलीत उभे राहिलो.

"शेजाऱ्यांची काही हरकत?" श्रीमती रीडलनी विचारलं.

सेराफिनने ढिगाकडे वरपर्यंत पाहिलं. "हरकत नाही. माझ्या कोंबड्यांना दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं आणि त्या झोपायला जातात, एवढंच. पण आमट्सराटसाहेबांना हवा असेल तर असू दे." मग तो माझ्याकडे वळला. "फक्त, राग मानू नका, हा ढीग आपल्याला कशासाठी हवाय?"

"तेच मलाही लिहायचंय," श्रीमती रीडल म्हणाल्या. "उद्देश?"

मी सेराफिनकडे पाहिलं. तो खरंच उत्सुकतेने माझ्याकडे बघत होता. खरं तर हीच वेळ होती. 'तुझ्यासाठी' एवढा एक शब्द म्हणायचा होता. पण त्याला तू म्हणायची मला परवानगी नव्हती आणि 'तुमच्यासाठी' म्हटलं असतं तर ते एखाद्या दुकानातल्यासारखं वाटलं असतं. "छंद," मी म्हणालो.

"छंद हा उद्देश होत नाही, साहेब. तुम्हीच—"

"मला माहीत आहे मी काय म्हणालो होतो!"

तेवढ्यात ओटमारने पाव खाली ठेवला आणि छाती पुढे काढली. "अहो, समारोपासाठी आहे हो तो! यंदा खालच्या उतरणीवर बर्फ राहणार नाही, दिसतंच आहे. कासियानने मोसमाच्या समारोपासाठी मंडळाला ढीग दिलाय. मनाचा मोठा माणूस! सांगायला लाजतोय."

मी तोंड उघडलं. पण परवाना नाही मिळाला तर ढीग हटवावा लागणार होता, म्हणून मी ते मिटलं. श्रीमती रीडलनी 'उद्देश : सार्वजनिक उत्सव' असं लिहून घेतलं, आणि सेराफिन "अस्सं होय," म्हणून निघून गेला. का कोण जाणे, पण मला वाटलं त्याचा चेहरा जरा उतरला.

एप्रिल लागला आणि दक्षिणेचा गरम वारा सुरू झाला. हा वारा सुटला की आमच्याकडे माणसांची डोकी दुखतात, गाई दूध चोरतात आणि बर्फ पळत सुटतो. भुशाखालून ढीग रोज थोडा थोडा बसायला लागला. मी सकाळ-संध्याकाळ मोजत होतो. सात मीटर होते त्याचे साडेसहा झाले, मग सव्वासहा. शिवाय वितळलेलं पाणी कुठे जावं याचा विचार मी केला नव्हता. ते आधी तळघरात गेलं, जिथे आमचे बटाटे असतात. मी बादलीने उपसलं. मग मी चर खणून पाणी बाहेर वळवलं, तर ते ढिगाच्या पायथ्याशी, बुर्गीच्या कोबीच्या वाफ्यांवर साठून राहिलं आणि तिथे चांगलं छातीभर खोल तळं झालं. बुर्गीने फक्त तळ्याच्या काठावर, जिथे पूर्वी कोबी होता तिथे, कोबीच्या बियांचं रिकामं पाकीट काठीला अडकवून उभं केलं.

तळं पाहून ओटमारला अध्यक्षीय झटका आला. समारोपाला दरवर्षी पाळण्याच्या पायथ्याशी मंडळ पाण्याचा खड्डा खणतं. वरून स्कीवर वेगात यायचं आणि पाण्यावरून घसरत पलीकडे जायचं. जो पोचतो त्याला टाळ्या, जो बुडतो त्याला जास्त टाळ्या. यंदा पायथ्याशी नुसता चिखल होता.

"बर्फ तुझ्याकडे, उतार तुझ्याकडे, पाणी तुझ्याकडे!" ओटमारने मला मिठी मारली. "देवाने जागा निवडलीय कासियान, आपण कोण? आणि यजमान म्हणून पहिला मान तुझा. कोट घालून ये. तो हिरवा, सरकारी."

"माझा गुडघा—"

"सभासदांच्या वतीने आभार!"

शेवटचा रविवार उजाडला. सकाळी मी शेवटचा वर गेलो. बर्फ मऊ होता, ऊन होतं, खानावळीपुढे आरामखुर्च्यांची रांग लागली होती आणि माणसं लाल नाकांनी गात होती. पाळण्याच्या टोकाला सेराफिनने माझा दंड धरला. "ये कासी. झालं बघ, संपला मोसम." मी म्हटलं, "दुपारी येशील ना माझ्याकडे? ढिगावर?" तो म्हणाला, "मंडळाचा कार्यक्रम आहे, यावंच लागेल." मला ते उत्तर आवडलं नाही.

दुपारी आमच्या अंगणात अख्खं गाव होतं. बँडवाले बुर्गीच्या कपडे वाळत घालायच्या जागेत उभे होते. कोणी गाईचा वेश केला होता, कोणी नवरीचा. मी मोजपट्टी घेऊन ढिगावर चढलो आणि मला धक्काच बसला. ढीग हजाराला वीतभर कमी होता. सकाळी बरोबर होता! दुपारच्या उन्हाने घात केला. इतक्या महिन्यांच्या खटाटोपानंतर वीतभराने हरणं मला मान्य नव्हतं. मी खाली ओरडलो, "बिअरची रिकामी पेटी द्या वर!"

पेटी आली. मी ती टोकावर उलटी ठेवली, तिच्यावर उभा राहिलो. पायांत स्की, अंगात हिरवा कोट, एका खिशात बाटली आणि दुसऱ्यात दोन छोटे ग्लास. पेटीवर आता बरोबर हजार मीटर, थोडे जास्तच.

"सेराफिन कोफलर!" मी हाक मारली. "जरा वर या!"

सेराफिन पाळण्यावरचं जाकीट घालूनच आला होता. तो भुशातून घसरत, चडफडत वर आला. पेटी एकाच माणसाची होती, त्यामुळे त्याला माझ्या कमरेला धरून उभं राहावं लागलं आणि मला त्याच्या खांद्याला. गावाला ते कसं दिसलं असेल याचा विचार मी आजही टाळतो.

"हे हजार मीटर आहे," मी हळूच म्हणालो.

"बरं मग?" सेराफिन म्हणाला. "इथं उभं करून काय करायचंय तुला, कासी?"

तो तू म्हणाला! जानेवारीपासून मी या एका शब्दासाठी खपलो होतो आणि तो आला, अगदी सहज. आणि त्याच क्षणी मला कळलं की याचा काही उपयोग नाही. हाच शब्द तो आज सकाळी वर म्हणाला होता. न्यायमूर्तींनाही म्हणतो. हजार मीटरवर तो कोणालाही म्हणेल, ती रीत आहे. मला तो कोबीच्या वाफ्यापाशी हवा होता, आणि मी त्याला उगाच बिअरच्या पेटीवर चढवलं होतं. एवढा मूर्खपणा मी तीस वर्षांच्या नोकरीतही केला नव्हता.

"काही नाही," मी म्हणालो. "तू जा खाली."

"म्हणजे? सगळ्या गावापुढे मला बोलावलंस आणि—"

तो रागाने वळला. पेटी भुशावर होती. ती निघाली. पाठोपाठ मी निघालो, आणि माझ्या कमरेला त्याचे हात असल्यामुळे तोही निघाला. बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. माझ्या स्कीवर आम्ही दोघं, तो माझ्या पाठीवर, असे उतारावरून आलो आणि पाण्यावरून घसरत साधारण अर्ध्यापर्यंत पोचलो. दोघांच्या वजनाने यापुढे जाणं शक्य नव्हतं असं नंतर ओटमारने सांगितलं. मग आम्ही बुडालो.

बर्फाच्या पाण्यात बुडाल्यावर माणसाच्या तोंडून पहिल्यांदा शब्द फुटत नाही, नुसता आवाज निघतो. मी वर आलो. सेराफिन शेजारीच वर आला, छातीभर पाण्यात उभा, मिशांतून भुसा गळतोय, ओठ निळे. त्याने श्वास घेतला आणि म्हणाला,

"आमट्सराटसाहेब, आपली स्की माझ्या पायावर आहे."

माझ्या डोक्यात सणक गेली. "पुरे!" मी ओरडलो. "पुरे झालं हे आपण-आपण! पाच वर्षं झाली! आणखी किती वर्षं तुम्ही मला असं छळणार आहात?"

"मी?" सेराफिनही ओरडला. "मी छळतोय? मी पाच वर्षं वाट बघतोय!"

"कसली?"

"तुम्ही म्हणायची! तुम्ही मोठे ना! तुम्ही ईस्टरच्या आधी जन्मलेले, मी त्याच वर्षी नंतर. 'तू' मोठ्याने द्यायचं असतं, धाकट्याने मागायचं नसतं, ही रीत तुम्हाला माहीत नाही? अख्ख्या जिल्ह्याला नियम शिकवलेत!"

"पण काढून घेतलं तुम्ही!"

"काढून घ्यायला वय लागत नाही," सेराफिन म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "द्यायला लागतं. दर सकाळी कुंपणाशी येऊन सुप्रभात म्हणतो ते कशाला? मला काय तुमच्या कोबीची काळजी आहे? म्हटलं आज म्हणतील, उद्या म्हणतील. सुनावणीच्या दिवशी तर वाटलं, झालं, ढीग माझ्यासाठीच आहे. तर म्हणे मंडळासाठी."

नियमाच्या बाबतीत मला दुसऱ्याने गप्प करावं असं फार क्वचित घडलंय. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी मोठा होतो, देणं माझ्याकडे होतं, आणि इतकी वर्षं आम्ही दोघं आपापल्या जागी रीतीप्रमाणे अगदी चोख वागत आलो होतो. बँड वाजायचा थांबला होता. मला रडू येत होतं, पण त्या पाण्यात ते कोणाला दिसलं नसतं.

मी कोटाच्या खिशात हात घातला. बाटलीचं बूच निघून आत अर्धं तळं शिरलं होतं, पण ग्लास दोन्ही शाबूत होते. मी ते भरले आणि एक त्याच्या हातात दिला. नव्याने 'तू' सुरू करताना आमच्याकडे ग्लासला ग्लास लावून आपापलं नाव सांगायचं असतं. मग ती माणसं कालची असोत की जन्मापासूनची. मी पाण्यात जमेल तेवढा ताठ उभा राहिलो.

"कासियान," मी म्हणालो.

त्याने ग्लासला ग्लास लावला.

"सेराफिन," तो म्हणाला.

काठावर सगळं गाव टोप्या काढून उभं होतं. बुर्गी दोन टॉवेल घेऊन पुढे आली.

"झाली असेल ओळख तर बाहेर या दोघं," ती म्हणाली. "सूप निवतंय."